रिझलीची मोजमापंही तपासायला हवीत

ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिझली याने इंग्रजी राजवटीत लोकांची नाकं मोजून त्यांचा जातींच्या दर्जाशी संबंध जोडला. त्याच्यावरच्या लेखातलं ‘रिझलीची मोजमापं शास्त्रशुद्ध होती, फक्त निष्कर्ष चुकले’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. गडबड मोजण्यापासूनच होती. त्याने वापरलेला नासिका निर्देशांक म्हणजे नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००. ७० च्या खाली अरुंद नाक, ८५ च्या वर रुंद. उंची मोजायची ती दोन डोळ्यांमधल्या, नाकाच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या सांध्यापासून. हा सांधा कातडीखाली असतो, बोटाने चाचपून ठरवावा लागतो. रुंदी ३८ मिमी आणि उंची ४५ असेल तर आकडा ८४.४ येतो. कॅलिपरचं (मोजायच्या चिमट्याचं) वरचं टोक एक मिलिमीटर खाली टेकलं की ८६.४, म्हणजे माणूस थेट दुसऱ्या वर्गात! शिवाय नाकपुड्या मऊ, टोक जरा दाबलं गेलं की रुंदीही बदलते.

अशा आकड्यांच्या जातवार सरासऱ्या काढून ‘नाक जितकं रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा’ असा नियम मांडला गेला, हे संतापजनक आहे. आणि या वादात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं नावही नाही? उत्तर हिंदुस्थानाबाहेर, आपल्या मुंबई इलाख्यातही, हा क्रम जुळत नाही हे त्यांनी १९३२ मध्येच याच प्रकारचे आकडे वापरून दाखवलं होतं.