बाळसं, वेण्या आणि १७ चा आकडा

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. निम्मा राग मला मान्य आहे. तुम्ही म्हणता, दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १७ आला. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने 'कमी वजन' म्हटलं, शाळेच्या कार्डावर 'सामान्य' आलं. एकच आकडा, दोन निकाल, म्हणजे सगळं थोतांड.

थोतांड नाही हो. कॅल्क्युलेटरने पोराला बापाच्या मापाने मोजलं, एवढंच. मोठ्यांमध्ये १८.५ च्या खाली कमी वजन धरतात. दहा वर्षांच्या मुलग्याचा मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यातला मधला आकडाच १६.४ आहे. १३.७ च्या खाली गेला तर कृश. आणि तोच १८.५ ओलांडला की तो चक्क जादा वजनात जमा! तुमच्या लेकाच्या वरणभातावर जास्तीचं तूप नको.

आपल्या आज्या म्हणायच्या, "बाळसं उतरलं." तेच तक्त्यात दिसतं. पहिल्या वर्षात बीएमआय चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. ही दुसरी चढण फार लवकर लागली तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. म्हणून मी एका आकड्यावर भरवसा ठेवत नाही, दरवर्षीचे ठिपके जोडून रेघ बघते.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या बेल्जियन गणितज्ञाचं सूत्र आमच्या पोरांना कशाला?" हा टोला मात्र छान. त्या गणितज्ञाने, केटले यांनी, स्वतःच नोंदवलं होतं की वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं ते मोठ्या माणसांत. वाढत्या मुलांत ते गणित वेगळं. म्हणूनच मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता लागतो. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांचे तक्ते काढले. त्यांत जादा वजन आणि लठ्ठपणाच्या रेघा मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयला जाऊन मिळतात, जगभर मोठ्यांसाठी धरतात त्या २५ आणि ३० ला नाही. आपल्या अंगात कमी वजनातही चरबी जास्त असते, म्हणून.

माझी खरी तक्रार मोजण्याबद्दल आहे. एका शाळेत चौथीतल्या मुलीची उंची १३२ सेंमी लिहिली होती. पोरीच्या दोन्ही वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या, आणि पट्टी टेकवली होती त्या गाठींवर. वेण्या सोडून, टाचा भिंतीला लावून पुन्हा मोजली: १३०. वजन २७ किलो. बीएमआय १५.५ चा १६ झाला. उंचीचा वर्ग होतो ना, दोन सेंटीमीटरही महागात पडतात.

आणि वर्गात नाव पुकारून आकडे वाचले, तुमच्या मुलाला 'लुकड्या' नाव पडलं, त्याबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. तो कागद फक्त आईबापांच्या हातात जायला हवा होता. बाईंना तसं जरूर सांगा.

मुलाची जन्मतारीख आणि मागच्या दोन-तीन वर्षांची उंची-वजनं असतील तर पाठवा. रेघ काढून देते.