लुटूपुटूची कुस्ती

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर परवा पुतण्यानं नुसतं लिहिलं की मला डब्ल्यूडब्ल्यूईवाल्यांसारखा प्रो रेसलर व्हायचंय, झालं, अप्पाकाकांपासून सगळे त्याच्यावर तुटून पडले. "नाटकं आहेत रे ती, निकाल आधीच ठरलेला असतो, खरी कुस्ती बघायची तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ये."

अहो, निकाल ठरलेला असतो हे लपवलंय कुणी? १९८९ ला डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनंच (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलं की ही करमणूक आहे, खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा कमिशनचे नियम आले, टॅक्स आला. आणि दारासिंग-किंगकाँग म्हटलं की अप्पांचेच डोळे चमकतात, ते दोघं काय ऑलिंपिकला लढले होते?

मी महिन्यातून एखाद्या शनिवारी इथं अमेरिकेत व्हीएफडब्ल्यू हॉलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये, कुस्ती बघायला जातो. दीडदोनशे माणसं, फोल्डिंगच्या खुर्च्या. रात्री मेन इव्हेंटला असणारा पोरगाच दुपारी रिंग लावत असतो, लोखंडी बीम, त्यावर प्लायवूड, वर बोटभर फोम आणि कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला चिकटवून, नाहीतर डोकं आपटतं. निकाल ठरलेला असतो, प्लायवूडला ते माहीत नसतं. चॉप, म्हणजे उघड्या हाताचे फटके, खाऊन छाती लालबुंद झालेली, तशीच घेऊन हा इंटरव्हलला टेबलावर स्वतःचे टी-शर्ट विकतो कारण मानधनाच्या पाकिटातले पैसे गाडीच्या पेट्रोललाच जातात, चार तास टर्नपाईक हायवेवर गाडी हाणून आलेला असतो आणि सोमवारी वेअरहाऊसची शिफ्ट असतेच. इन्शुरन्स वगैरे विसरा, सगळे इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर. केविन ओवेन्स २००० पासून असल्याच हॉलमधून लढत होता, डब्ल्यूडब्ल्यूईनं घेतलं २०१४ ला. आपला खलीसुद्धा कॅलिफोर्नियातल्या छोट्या रिंगमधूनच वर आला. बाकीचे बहुतेक खांदा जाईपर्यंत टी-शर्टच विकतात, हेही पुतण्याला सांगायला हवं, पण ग्रुपवर नाही लिहिलं, अप्पा जिंकले असते.

त्याऐवजी लिहिलं की खाशाबा जाधवांनासुद्धा १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, तेव्हा कुठं होती ही खरी कुस्तीवाली मंडळी? आणि २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसली ती कुठल्या स्क्रिप्टमध्ये होती? दादाचं उत्तर एका ओळीत आलं, "तू तालमीत किती दिवस टिकलास रे?"

तीन महिने. मान आखडली, मग बारावीचे क्लास, मग इकडं.

पण हॉलमध्ये हे कुणाला माहिती? तिथं मी ऐटीत सांगतो की आमच्याकडं लाल मातीत कुस्ती होते, निकाली, खरीखुरी, तुमच्यासारखी नाही. म्हणजे हॉलमध्ये अप्पा होतो आणि ग्रुपवर अमेरिकन. मागच्या शनिवारी त्या टेबलावरच्या पोराला हेच ऐकवत होतो. तो मनापासून खूष झाला, टेबलाच्या बाहेर आला, दोन्ही हात पुढं करून म्हणाला, एखादा डाव दाखव ना.

मी वीस डॉलरचा टी-शर्ट घेतला. लार्ज.