रिबॉन्डिंग सोडायला टक्कल करावं लागत नाही

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. रिबॉन्डिंग, म्हणजे रसायनाने केस कायमचे सरळ करणं, एकदा केलं की केसांची जातच बदलते, म्हणून टच-अप, म्हणजे मुळाशी नवे आलेले केस पुन्हा सरळ करणं, करतच राहावा लागतो. सोडायचं असेल तर सगळे केस मुळापासून कापा, किंवा मेथी-कांद्याचं तेल लावा, सहा महिन्यांत कुरळे परत येतील. मधल्या काळात केराटिन (द्रावण लावून गरम इस्त्रीने केस गुळगुळीत करणं) करून घ्या, ते नैसर्गिक असतं. मी दादरला पार्लरमध्ये केस कापते. हे वाचून घाबरलेल्या मुली माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसतात, म्हणून लिहितेय.

जात बदलत नाही. केसाचा आकार धरून ठेवणारे गंधकाचे बंध रिबॉन्डिंगच्या क्रीममधलं अमोनियम थायोग्लायकोलेट हे रसायन तोडतं, गरम इस्त्रीने केस सरळ होतो आणि नंतर लावलेला न्यूट्रलायझर तेच बंध सरळ स्थितीत पुन्हा जोडतो. हे सगळं टाळूच्या बाहेर आलेल्या केसात घडतं. केस तयार होतो कातडीच्या आत, तिथे काहीच बदललेलं नसतं. नवे केस सरळ उगवत असते तर टच-अप कशाला लागला असता?

तेलाचंही तसंच. बाहेरचा केस निर्जीव असतो. एकदा सरळ जोडलेले बंध कुठलंही तेल मागे फिरवत नाही. सहा महिन्यांनी जे कुरळे दिसतात ते नवे वाढलेले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला जेमतेम 15. तेल लावूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं की खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते, सूर्यफुलाच्या तेलाने तशी होत नाही. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचा, पण न्हाण्याआधी खोबरेल लावायला मीही सांगते.

आता टक्कल. एकदम कापायचे असतील तर खुशाल कापा, सुटसुटीत होतं. पण लांबी आवडत असेल तर दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे कापत जा, वर्ष-दीड वर्षात खांद्यापर्यंतच्या केसांतले बरेचसे सरळ केस निघून जातात. खरा धोका सांध्याला, म्हणजे नवा कुरळा आणि जुना सरळ केस जिथे मिळतात त्या जागेला, असतो आणि तो मजकूर त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. एक केस चिमटीत धरून मुळाकडून खाली बोटं सरकवा. आधी वळसे लागतात, मग एका जागी केस एकदम गुळगुळीत होतो. तुटतो तिथेच. सकाळी लोकल गाठायच्या घाईत आपण ओले केस बारीक फणीने वरून खाली ओढतो आणि घट्ट रबर लावतो. ओला केस आधीच कमकुवत, त्यात रबर नेमका सांध्यावर बसला की मग टाळूजवळ आखूड, तुटके केस उभे राहतात आणि मुलींना वाटतं आपले केस वाढतच नाहीत. कंडिशनर लावलेला असतानाच जाड दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता सोडवा. सैल वेणी घाला. दोन तऱ्हेचे केस वेगळे दिसतात ना, तर ओलसर असताना पीळ देऊन वाळवा, बरेचसे एकसारखे दिसतात. रोज इस्त्री नको, नवे केसही खराब होतील.

रिबॉन्डिंग सोडलं की पावसाळ्यात कुरळे केस फुगतात हे खरं. पण त्याच दमट हवेत ब्लो-ड्रायही टिकत नाही.

केराटिनचं ऐकून मात्र मला राग येतो. यातल्या बऱ्याच द्रावणांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड निघतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलंय. फॉर्माल्डिहाइड नसलेल्यांत अनेकदा ग्लायॉक्झिलिक ॲसिड असतं. एका तरुणीने असं द्रावण वापरून केस सरळ केले आणि तीन वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, ही नोंद 2024 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. पार्लरमध्ये बाटली मागून घ्या आणि मागचं लेबल वाचा. कोणी दाखवायला कां-कूं केलं, तर तिथे केसांना हात लावू देऊ नका.