गाणं मुखड्यापासून, कीर्तन थांबलं तिथून

उसाच्या हंगामात चिकोडी-निपाणी भागात कारखान्याबाहेरची ट्रॅक्टरची रांग बघा. रांग जरा सरकते, इंजिन चालू होतं आणि टेपवर पुन्हा पेनड्राइव्हचं पहिलंच गाणं. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज 12 वरून 9-10 पर्यंत, कधी त्याखालीही येतं आणि स्वस्त प्लेअर रीसेट होतो. कुठवर वाजलं ते तो बंद होताना लिहिणार असतो. वीजच गेली तर लिहिणार कधी?

म्हणून नोंद वाजतानाच व्हायला हवी. गाणं बदललं की एकदा, लांब ट्रॅकमध्ये दर 30 सेकंदांनी. दर सेकंदाला नको. साध्या मेमरी चिपचा एकच कप्पा साधारण लाखभर वेळा लिहिता येतो, म्हणजे 28 तासांत तो संपला. 30 सेकंदांनी लिहितानाही कप्पा बदलत राहायला हवं.

पण पुन्हा सुरू कुठून करायचं? माझ्या मते पाच मिनिटांचं भावगीत मधल्या कडव्यातून कधीच सुरू होऊ नये. गाणं तेच असावं, पण मुखड्यापासून. दहा मिनिटांपेक्षा मोठं काहीही मात्र थांबलं तिथूनच. दोन तासांचं कीर्तन दरवेळी नमनापासून कोण ऐकणार? फक्त धागा लागावा म्हणून किंचित मागे जावं; बोलणं असेल तर दहा सेकंद मागे जाणं पुरतं. विलंबित ख्यालाला ते पुरत नाही; एकतालाचं एक आवर्तनच, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, मिनिटभराची असू शकते. तिथे मिनिटभर मागे जावं, म्हणजे निदान एक सम, आवर्तनाची पहिली मात्रा, कानावर पडते.

मागे जायचं बटण तीन सेकंदांनंतर दाबलं तर तेच गाणं पहिल्यापासून, तीनच्या आत दाबलं तर आधीचं. हा नियम बहुतेक चांगले प्लेअर पाळतात आणि तो योग्यच आहे.

आणखी एक घोटाळा: बरेच प्लेअर फाइलचं नाव नव्हे, क्रमांक लक्षात ठेवतात, तोही पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर कॉपी झालेल्या क्रमाने. जुनं गाणं पुसून नवं भरलं की क्रम हलतो आणि भलतंच वाजतं. मराठी आणि कन्नड गाणी एकाच कार्डावर असतील तर नावाआधी 001, 002 घाला, कार्ड फॉरमॅट करा आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करा.

प्लेअर घेताना बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातच तपासा. चौथं गाणं मिनिटभर वाजू द्या, बटण न दाबता वायर उपसा, परत जोडा. पहिलं गाणं लागलं तर तो घेऊ नका.