उपकेंद्रातलं टेबल

माझ्या काकीचं अंग बाहेर येत होतं. आम्हाला ते अकरा वर्षांनी कळलं.

शब्द मुद्दाम हेच लिहिलेत. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय जागेवरून खाली सरकणं, आणि दुखणं वाढलं की योनीमार्गातून बाहेर दिसू लागणं. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत काकी तापाने फणफणली, लघवीला आग व्हायला लागली, म्हणून मी तिला अंघोळ घालायला गेले. तेव्हा तिने घट्ट बांधलेली जुन्या लुगड्याची घडी दिसली. ती घडी बांधूनच ती तरवा काढत होती, चिखलात वाकत होती, डोक्यावरून लाकडांचा भारा आणत होती. मी रडायलाच लागले. ती उलट मलाच समजावत होती, "अगो, ह्या काय कोणाक सांगूचा आसता? बाईमाणसाक ह्या आसताच."

पाच बाळंतपणं, सगळी घरी. काका मुंबईला. बाराव्या दिवसापासून विहिरीचं पाणी तीच शेंदायची. चुलीच्या धुराने खोकला जडला, तो कधी गेलाच नाही. ओटीपोटाचे स्नायू सैल पडायला याहून वेगळं काय लागतं?

मला झोप लागू दिली नाही ती मात्र दुसऱ्याच गोष्टीने. त्या अकरा वर्षांत काकी डॉक्टरकडे गेलीच नव्हती असं नाही. बीपीसाठी गेली, गुडघ्यांसाठी गेली, मोतीबिंदूसाठी गेली. एकानेही तिला विचारलं नाही, काकी, लघवी अडते का, खाली काही जड वाटतं का? तिने सांगितलं नाही हे खरं. पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईने पुरुष डॉक्टरसमोर, बाहेरच्या बाकावर गावातली दहा माणसं बसलेली असताना, हे आपणहून सांगावं अशी अपेक्षा कशी करायची?

आपल्याच महाराष्ट्रात हे कोणीतरी विचारून पाहिलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, प्रत्येकीची आतून तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी तीनहून जास्त. आणि यापूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच मानलं जायचं. या अभ्यासाने जगाला तिच्या बाकीच्या शरीराकडे बघायला लावलं.

त्याला आता साडेतीन दशकं उलटून गेली, आणि आमच्या वाडीत मी विचारायला लागले तर काकीसारख्या आणखी तिघी निघाल्या. चार घरांच्या अंतरावर.

कोकणात तर हे आणखी टोचायला हवं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आमच्या सिंधुदुर्गात १०३६. आपण हे आकडे अभिमानाने सांगतो. पण त्यामागे मुंबईला गेलेले पुरुष आहेत आणि मागे राहिलेल्या बायकांच्या पाठीवर आलेली शेती, गुरं, म्हातारी माणसं आहेत. जिल्हा बायका चालवतात. तरी आरोग्यव्यवस्थेला त्या दिसतात त्या पोटुशी असतानाच. तेव्हा कार्ड होतं, सुया होतात, आशाताई घरी येते, आणि ती जीव तोडून काम करते हे मी डोळ्यांनी बघते. शेवटचं मूल झालं, ऑपरेशन झालं, की बाई यादीतून उतरली. पुढची तीस-चाळीस वर्षं ती कोणाचीच पेशंट नसते.

मग दुखणं हाताबाहेर गेलं की थेट पिशवी काढायची. माझ्या धाकट्या जावेची चौतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जास्त जायचं. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगितलं. अस्तराचा नमुना घेतला नाही, आधी औषध देऊन पाहिलं नाही, अंगावरून जाणं कमी करणारी हार्मोनची तांबीही असते हे कोणी बोललं नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली. ऐन चौतिशीत अंडाशयं गेली की हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आज ती चाळिशीत आहे आणि जिना उतरताना कठडा धरते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सरकारी समितीने तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ते वाचताना आम्ही हळहळलो होतो, आणि आमच्याच घरात काय झालं ते आम्हाला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

काहींना पिशवी काढावीच लागते, हे मान्य. पण आधी तपासणी तर करा!

आणि तपासणी काही महागडी नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचंच घ्या. २०२० च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो आणि पाऊण लाखावर दगावतात. तो व्हायच्या आधी दहा-पंधरा वर्षं पेशींमध्ये बदल होत असतात, तेव्हाच पकडला तर पुढचं टळतं. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरच्याच जातीचं. मिनिटभर थांबायचं. जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात ही चाचणी डॉक्टरांनी नव्हे, थोडं प्रशिक्षण दिलेल्या दहावी शिकलेल्या बायकांनी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे जाहीर झालं. त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यात तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले होते. पाळी गेलेल्या बायकांत पांढरा डाग नीट दिसत नाही, त्यांना ही एचपीव्ही चाचणीच बरी, आणि तिचा नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते.

तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची, हे केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात लिहिलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के बायकांची अशी तपासणी झालेली आढळली. म्हणजे ज्ञान आपल्या राज्यातलं, बायका आपल्या राज्यातल्या, आणि आपल्या उपकेंद्रात टेबलाला पडदा नाही.

गणपती जवळ आलेत, म्हणून हेही सांगते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या या दिवसांत मेडिकलवर लिमलेटसारख्या विकल्या जातात, चिठ्ठी कोणी मागत नाही. मीही वर्षानुवर्षं घेतल्या. ते हार्मोन आहे. कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर त्या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आमच्या घरी आता मोदक वळताना कोणाची कितवी तारीख हे विचारत नाहीत. सासूबाईंना पटवायला दोन वर्षं लागली.

काकीचं पुढे काय झालं? ऑपरेशनला ती तयार नव्हती. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं की कोल्हापूरला, यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आत, गर्भाशय जागेवर धरून ठेवणारी रिंग बसवली. पाव तास लागला. ती मधूनमधून काढून धुवावी लागते, तपासून घ्यावी लागते, एवढंच. पाव तासाच्या कामासाठी अकरा वर्षं.

मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलंय. ग्रामपंचायतीने दहा टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यातून उपकेंद्राला तपासणीचं टेबल, दिवा, पडदा आणि दाराला आतून कडी हवी. महिन्यातून एक दिवस बाई डॉक्टर यावी म्हणून तालुक्याला वेगळा अर्ज दिलाय. पत्र वाचून एक सदस्य म्हणाले, "बाई, शब्द जरा बदला. पुरुषांसमोर ह्या कसा वाचूचा?"

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा आहे, तिथे मीच वाचणार. मग ग्रामसभेतही मीच वाचेन. 'अंग बाहेर येणं' हे शब्द पत्रात तीनदा आहेत, ते तसेच राहतील.