‘सगळं नेटवर आहे’: डोंबिवलीच्या एका पालकांना उत्तर

नमस्कार,

प्राध्यापकांच्या बढतीच्या फाइलबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: आठवड्याला १६ तास काम, दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी, भरगच्च पगार, तरी एका फाइलचं रडगाणं. नियम माहीत नसतील तर वाचा, सगळं नेटवर आहे. आणि शेवटी हेही, की तुमच्या मुलीला मात्र दोन विषय कंत्राटी मास्तर शिकवतात. हे शेवटचं लागलं. त्याकडे येतोच.

पगाराबद्दल वाद घालत नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर होते, वर महागाई भत्ता आणि मुंबईचं घरभाडं. १६ तासांचं मात्र तुम्ही अर्धंच वाचलंत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत आठवड्याचं काम ४० तासांचं आहे, त्यातले सहायक प्राध्यापकाला १६ प्रत्यक्ष वर्गातले. मुंबईत आमचं लेक्चर ४८ मिनिटांचं, म्हणजे ते १६ तास भरायला २० लेक्चरं. बाकी वेळात तयारी, पेपर तपासणं, नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, कागदपत्रं. यातलं काहीच न करणारेही आहेत. ते कोण, हे प्रत्येक स्टाफरूमला ठाऊक असतं आणि त्यांची वकिली मी करणार नाही. सुट्टी मिळते हेही खरं, पण म्हणूनच अर्जित रजा आम्हाला इतर कर्मचाऱ्यांपेक्षा फार कमी असते.

आता ‘सगळं नेटवर आहे’. आहे खरं. नियमावली आहे, राज्याचा ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय आहे. पण नवा नियम आला म्हणून जुना लगेच मरत नाही. १८ जुलै २०१८ ला नवी नियमावली आली, तेव्हा जे जुन्या नियमाने बढतीला पात्र झाले होते किंवा होण्यासारखे होते त्यांना जुन्या नियमाने जायचं की नव्या, हा पर्याय तीन वर्षं खुला होता. जुन्यात एपीआयचे, म्हणजे शिकवणं, संशोधन वगैरे कामांना आकड्यांत दिलेले, गुण मोजायचे. नव्यात ठरलेल्यापैकी किती टक्के तास घेतले आणि इतर कामं काय केली, यावर श्रेणी. कुणाला काय सोयीचं पडेल हे पीडीएफ सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांना असा पर्याय होता हे कळलं, तेव्हा मुदत उलटून गेली होती. दोघेही पीएचडी आहेत हो, वाचता येतं त्यांना.

आमच्या कॉलेजात हे सांगणारे एक काका होते, हेडक्लार्क. ‘सर, फाइल स्पायरल करू नका, साधी पंच करा. त्रुटी निघाली की मधलंच पान बदलायचं असतं.’ माझी वेळ येईपर्यंत काका निवृत्त झाले आणि ती जागा रिकामीच राहिली. फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: कार्यमुक्तीचे व रुजू झाल्याचे पत्र जोडलेले नाही. पाच वर्षांपूर्वीच्या २१ दिवसांच्या रिफ्रेशर कोर्सला, म्हणजे प्राध्यापकांच्या उजळणी प्रशिक्षणाला, कॉलेजने सोडल्याचं आणि परतून रुजू झाल्याचं! असं पत्र लागतं हे मी तरी कुठल्याच नियमावलीत वाचलेलं नाही. शेवटी काकांना घरी फोन केला. म्हणाले, ‘जावक रजिस्टर काढायला सांगा, नंबर मिळेल.’ मिळाला. तोवर सात महिने गेले होते. कॉलेजने लिहून ठेवायची माहिती एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर निवृत्त होते, एवढंच मला त्या लेखात म्हणायचं होतं.

राहिले कंत्राटी मास्तर. आम्ही त्याला तासिका तत्त्व म्हणतो, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सुचवलं. राज्याचा दर त्याहून कमी, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतील याचा भरवसा नाही. आमच्या विभागातल्या एक बाई सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, झालेल्या आहेत. सकाळी आमच्याकडे शिकवतात, दुपारी विरार गाडी धरून दुसऱ्या कॉलेजात जातात. भरपगारी रजा नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, परत यायला फाइलही नाही. उद्या कायम झाल्या तरी तासिकेवरची ही वर्षं बढतीला धरली जाणं कठीण.

मी लिहिलं होतं, ‘प्रत्येक प्राध्यापक या फाइलीतून जातो.’ हे चूक होतं. लिहिताना तासिकेवरच्या त्याच बाई माझ्या समोरच्या टेबलावर पेपर तपासत होत्या, तरी मला सुचलं नाही. ते वाक्य आज बदललं आहे.

काकांशी बोलून फाइलला लागणाऱ्या कागदांची यादी करतो आहे, झाली की इथेच टाकेन. आणि मुलीचे त्या दोन विषयांचे तास नेमाने होतात का, तेवढं कळवा.