म्हणे लग्न लावून द्या!

"पाळी चुकलीय? लग्न झालंय का?" काउंटरवरच्या बाईंनी भर दवाखान्यात, वीसेक माणसांसमोर विचारलं. भाची एकोणीस वर्षांची. मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत बसली. तेवढ्यात शेजारच्या अनोळखी काकू, "लग्न उरकून टाका, होतं सुरळीत." घरी येऊन तीन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला ग्राउंड. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. आणि पोटात काय, तर अर्धी चपाती आणि वाटीभर मटकी! "आत्या, पोट जड असलं की पाय उचलत नाही." सात महिने पाळी नाही. सात! घरी बोलली नाही, कारण सोबतच्या मुली म्हणाल्या, बरंय की, ग्राउंडला कटकट नाही.

अगं, कटकट कसली? खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की मेंदू पहिलं हेच खातं बंद करतो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, घटतं, आणि हाडांना तेच लागतं. ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती झिजवायची? महिनाभर हिची नडगी एकाच जागी दुखतेय, बोट लावलं तरी कळ. कोच म्हणे, बर्फ लाव.

गरोदरपणाची तपासणी आधी करावीच लागते, मान्य. डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, पण मला बाहेर पाठवून, दार लावून. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच अशा हार्मोन्सच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, नडगीचा एक्स-रे, सगळं लिहून दिलं. मग म्हणाल्या, "दिवसभरात जेवतेस काय?"

सात महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. उलट दिवाळीत "कसली बारीक झालीस गं, छान!" म्हणणारी मीच.

परीक्षेच्या टेन्शनने एखादी पाळी पुढे जाते, त्यासाठी कुणी दवाखाना गाठू नये. पण नियमित येणारी तीन महिने आली नाही, किंवा आधीच अनियमित असलेली सहा महिने, तर दाखवा गं बायांनो. कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता ना? त्याच चौकोनात पोरीची तारीखही लिहा.

रिपोर्ट यायचेत. तोवर पळणं बंद. आत्ता जेवताना हळूच विचारत होती, "आत्या, तेवढ्यात ग्राउंडची तारीख लागली तर?"

मी भातावर तूप वाढलं. आज "बास" म्हणाली नाही.